‘आवड’ कुठून आली आणि ‘पसंती’ कुणी दिली

‘मला हे आवडते’ आणि ‘मला हे पसंत आहे’ ही दोन्ही वाक्ये मराठी माणूस रोज बोलतो. पहिला शब्द देशी, दुसरा फारसीतून आलेला, एवढे बहुतेकांना माहीत असते. खरे प्रश्न त्यापुढचे आहेत. ‘आवड’ कोणत्या मुळातून निघाली? फारसी ‘पसंद’चा मराठीत ‘पसंत’ का झाला? घरात एक शब्द असताना दुसरा ठेवावा का? आणि दोन्ही शब्द इतकी शतके टिकले ते केवळ सवयीने, की दोघांची कामेच वेगळी आहेत? पहिले दोन प्रश्न व्युत्पत्तिकारांचे, तिसरा भाषाशुद्धीच्या चळवळीचा. चौथा सर्वांत कमी हाताळला गेला आहे. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो.

डिलाईल रोडवरचे दोन शब्द

मुंबईच्या गिरणगावातल्या डिलाईल रोडला पाटीवर ना. म. जोशी मार्ग म्हणतात. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि १९२० साली आयटक ही कामगार संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांत ते होते. या माणसाचे नाव रस्त्याला शोभून दिसते. तरीही चाळीतली माणसे आजही ‘डिलाईल रोड’च म्हणतात. सरकारी शब्द आणि लोकांचा शब्द असे शेजारी शेजारी नांदू शकतात, ही गोष्ट पुढच्या विवेचनात उपयोगी पडेल.

इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. या रस्त्यावर त्या ३२ होत्या. त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची माणसे आली, तशी सातारा, सांगली, कोल्हापूरकडचीही आली. कोकणातली आई ‘माका आवडता’ म्हणणार आणि घाटावरची ‘मला लई आवडतं’. क्रियापद एकच, बोली दोन. गोव्याकडचा माणूस ‘म्हाका आवडटा’ म्हणतो, म्हणजे कोकणीतही हाच शब्द आहे. ‘आवड’ हा मराठी-कोकणीच्या जुन्या सामाईक ठेव्यातला शब्द असल्याचे हे चांगले चिन्ह आहे.

आता याच खोल्यांतल्या लग्नाच्या बोलण्याकडे पाहा. मुलगी पाहायला माणसे जातात आणि नंतर ‘पसंती’ कळवतात. ‘आवड कळवली’ असे कोणीच म्हणत नाही. मुलीने घरात ‘मला तो मुलगा आवडतो’ म्हटले, तर ती मनातली गोष्ट सांगते आहे हे सगळ्यांना कळते. तीच ‘मुलगा पसंत आहे’ म्हणाली, तर ते विचारलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर असते. त्यात घर, नोकरी, माणसे यांचा विचार झालेला असतो आणि त्यावर पुढची बोलणी उभी राहतात.

खाण्याच्या बाबतीत चित्र उलटे दिसते. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना बायका घरगुती खानावळींतून जेवू घालत. या बायकांच्याच संघटनेसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. त्या ताटावर कामगार ‘मला बोंबील आवडतात’ म्हणेल, ‘बोंबील पसंत आहेत’ म्हणणार नाही. जिभेला आवड असते. मात्र हिंदमाताच्या कापडबाजारात साडी घेताना दोन्ही शब्द एकाच वाक्यात येऊ शकतात: मला हिरवा रंग आवडतो, पण यातली ही निळी पसंत पडली. आवड आधीपासूनची आहे, पसंती समोरच्या ढिगातून त्या क्षणी ठरली.

या दोन शब्दांच्या आसपास आणखी एक कुटुंब वावरते. मर्जी, राजी आणि रजा हे तिन्ही शब्द अरबीतल्या संमती-संतोषाच्या एकाच धातूचे आहेत. गिरणीत हे तिन्ही रोजच्या वापरातले होते. बदली कामगाराला त्या दिवशी काम मिळणार की नाही, हे दीर्घकाळ कामगार भरणाऱ्या जॉबरच्या मर्जीवर होते; त्या मर्जीला आवर घालण्यासाठी १९३५ साली बदली नियंत्रणाची पद्धत आली. गणपतीला गावी जायचे तर रजा टाकायची. ‘राजीनामा’ म्हणजे मुळात संमतीचा कागद. नोकरी सोडण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. अधिकार असलेल्याची ती मर्जी, निवड करणाऱ्याची ती पसंती आणि जिला कारण लागत नाही ती आवड, असा ढोबळ भेद गिरणगावच्या बोलण्यात दिसतो. हा भेद कोशांत पुरेसा आलेला नाही.

‘पसंद’चा माग

‘पसंत’ फारसी ‘पसंद’वरून आला, याविषयी वाद नाही. मोल्सवर्थच्या कोशापासून (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शब्दांचे मूळ खुणेने दाखवण्याची पद्धत आहे. पुढे फारसी शब्दांचा खास अभ्यास माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५च्या फारसी-मराठी कोशात केला. फारसीत ‘पसंदीदन’ म्हणजे मान्य करणे, चांगले मानणे. ‘तोलून मान्य करणे’ ही छटा शब्दाने फारसीतूनच आणली, असे म्हणायला त्यामुळे जागा आहे.

फारसीच्या मागे गेले की गोष्ट रंगत जाते. तुलनात्मक व्याकरणाचे अभ्यासक या शब्दाची फोड ‘पति’ हा जुना इराणी उपसर्ग अधिक ‘सन्द’ हा धातू अशी करतात. ‘पति’ म्हणजे आपल्या ‘प्रति’चा भाऊ. ‘सन्द’चा अर्थ दिसणे, चांगले भासणे, आणि त्याचे संस्कृतातले नाते ‘छन्द्’ या धातूशी. संस्कृत ‘छ’च्या जागी फारसीत ‘स’ येतो, याचे सर्वांना ठाऊक उदाहरण म्हणजे छाया आणि साया. हे नाते मान्य केले तर आपला ‘छंद’ आणि परका म्हटला गेलेला ‘पसंत’ हे एकमेकांचे दूरचे भाऊबंद ठरतात.

यात एक गाठ मात्र आहे. यास्काने निरुक्तात ‘छंदस्’ शब्द झाकण्याच्या अर्थाच्या धातूशी जोडला. आधुनिक अभ्यासकांपैकी पुष्कळांचा कल आवडण्याच्या अर्थाच्या ‘छन्द्’कडे आहे. वृत्ताच्या अर्थाचा छंद आणि ‘त्याला पतंगांचा छंद आहे’ यातला छंद एकाच मुळाचे की दोन मुळे एका रूपात मिसळली, यावर एकमत झालेले नाही. ‘स्वच्छंद’सारख्या शब्दात इच्छेचा अर्थ इतका स्पष्ट आहे, की मराठी ‘छंद’ लागण्यापुरते तरी आवडण्याच्या अर्थाचे मूळच मला अधिक सरळ वाटते.

‘द’चा ‘त’ झाला कसा, हा प्रश्न दिसायला लहान, पण सोडवायला अवघड आहे. ‘मदद’ची ‘मदत’ झाली, हे जोडीचे उदाहरण लगेच आठवते. पण मग बंद, सनद, रसद, ताकीद, फिर्याद, खरीद यांचा शेवटचा ‘द’ तसाच का राहिला? ‘पसंद’ आणि ‘बंद’ यांचा शेवट तर सारखाच आहे. म्हणजे हा सर्वत्र लागू पडणारा ध्वनिनियम नव्हे. संत, वसंत, अनंत यांसारख्या ओळखीच्या शेवटाने ‘पसंद’ला आपल्याकडे ओढले असावे, असा तर्क करता येतो. पण बंदला तसे कोणी ओढले नाही, हे लक्षात घेता तो तर्कच राहतो. शब्द केव्हा बदलला हे जुन्या दप्तरांतून सालवार शोधले, तर काही हाती लागेल.

‘आवड’चे मूळ

देशी शब्द म्हणून ‘आवड’ सोपी असेल असे वाटते. प्रत्यक्षात अवघड शब्द हाच आहे. ज्ञानेश्वरीत ‘आवडी’ वारंवार येते, तुकोबांच्या गाथेतही येते. तेव्हा तेराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द मराठीत पक्का रुळलेला होता. त्यापूर्वीचा प्रवास व्युत्पत्तीने जोडावा लागतो. इथे ज्यूल ब्लॉक यांचा १९२० साली प्रसिद्ध झालेला आणि वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली मराठीत आणलेला ग्रंथ, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा व्युत्पत्तिकोश, राल्फ टर्नर यांचा १९६०च्या दशकातला भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा १९९९चा जुन्या मराठीचा कोश ही मुख्य साधने.

ध्वनीच्या दृष्टीने सर्वांत भक्कम वाट संस्कृत ‘आ’ अधिक ‘पत्’ अशी आहे. ‘आपतति’ म्हणजे अंगावर येते, येऊन पडते, ओढवते. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होतो: कपाटाचे कवाड, दीपाचा दिवा, सपत्नीची सवत. ‘पत्’ धातूतल्या ‘त’चा ‘ड’ होतो, हे तर ‘पडणे’ या क्रियापदातच दिसते. मग ‘आपतति’चे प्राकृतात ‘आवडइ’ आणि मराठीत ‘आवडे’ होणे सुरळीत आहे. ‘वृत्’ धातूकडेही बोट दाखवता येईल. पण तिथे ‘र्त’चा ‘ट्ट’ होऊन मराठीत ‘ट’ उरतो, जसे वर्त्मनपासून वाट. ‘ड’ कसा आला, याचे उत्तर त्या मार्गावर मिळत नाही.

शंका आहे ती अर्थाची. अंगावर येऊन पडणे यातून आवडणे कसे निघाले? इथे शेजारची गुजराती मदतीला येते. ‘मने गुजराती आवडे छे’ म्हणजे मला गुजराती येते. तिथे ‘आवडवुं’चा अर्थ एखादी गोष्ट करता येणे असा आहे, आवडणे नव्हे. मराठीतही आपण ‘मला पोहायला येते’ असे म्हणतोच. म्हणजे ‘येणे’ या अर्थाचे क्रियापद गुजरातीत ज्ञानाकडे वळले आणि मराठी-कोकणीत प्रीतीकडे. दोन्हीकडे माणूस मात्र ‘मला’, ‘मने’ असा चतुर्थीतच राहिला. तो कर्ता नाही. गोष्ट त्याच्याकडे येते.

दूरचा पुरावाही आहे. जर्मनमध्ये आवडणे या अर्थी ‘गेफालन’ हे क्रियापद वापरतात. ते पडणे या अर्थाच्या ‘फालन’पासून बनले आहे आणि तिथेही ज्याला आवडते तो चतुर्थीत असतो. वाट्याला येणे, दान अनुकूल पडणे, त्यातून रुचणे, असा त्याचा प्रवास सांगतात. वाट्याला येण्यातून आवडण्याकडे जाणे माणसाच्या मनाला अपरिचित नाही, एवढे यावरून म्हणता येते.

आणखी एक धागा जुन्या मराठीतच आहे. ज्ञानेश्वरीचे अर्थ लावणाऱ्यांनी काही ठिकाणी ‘आवडे’चा अर्थ ‘वाटे, भासे’ असा घेतला आहे. डोळ्यांपुढे येणे, मग भासणे, मग बरे वाटणे, अशी पायरी त्यातून दिसते. इराणी ‘सन्द’चाही दिसणे, भासणे, चांगले वाटणे असाच क्रम सांगितला जातो, हे वर आलेच आहे. दोन वेगळ्या मुळांचे शब्द अर्थाच्या एकाच वाटेने चालत आले असतील, तर ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. पण ‘आवड’च्या बाबतीत ही मधली पायरी किती ठिकाणी निःसंशय आहे, हे ओवी-ओवी तपासून ठरवायचे काम बाकी आहे.

मराठीने परक्या शब्दाला जे क्रियापद जोडले तेही पाहण्यासारखे आहे. हिंदीत ‘पसंद आना’ म्हणतात. मराठीत ‘पसंत पडणे’. आणि ‘पडणे’ त्याच ‘पत्’ धातूचे, ज्यातून ‘आवडणे’ निघाल्याचा अंदाज आहे. हे ठरवून कोणी केलेले नाही. मात्र ‘पसंत’ला ‘करणे’ही लागते: मी ही साडी पसंत केली. इथे माणूस कर्ता होतो. ‘आवडणे’ला तशी सोय नाही, ‘मी साडी आवडली’ असे म्हणताच येत नाही. डिलाईल रोडवरच्या लग्नाच्या बोलण्यातून दिसणारा भेद व्याकरणातही असा उमटलेला आहे.

ठेवावा की काढावा

मराठीतल्या फारसी शब्दांचा वाद शिवकाळापर्यंत मागे जातो. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी जोडला जाणारा राज्यव्यवहारकोश हा दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा पहिला मोठा प्रयत्न. पुढे वि. का. राजवाडे यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजले. १६२८च्या पत्रात फारसी शब्द सुमारे ८६ टक्के, १६७७च्या पत्रात सुमारे ३८ आणि १७२८च्या पत्रात जेमतेम ६ टक्के, असा त्यांचा हिशेब प्रसिद्ध आहे. एकेका पत्रावरून एकेका काळाचा निष्कर्ष काढणे अपुरे, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. ती पत्रे कारभाराची होती. घरातल्या बोलण्याचे प्रमाण त्यांवरून कळत नाही.

विसाव्या शतकात वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. जी वस्तू आपल्याकडे नव्हती तिचे परके नाव राहू द्यावे, पण स्वकीय शब्द असताना परका वापरल्याने स्वकीय मरतो, ही या बाजूची मांडणी. महापौर, दिनांक, चित्रपट यांसारखे शब्द आज सर्वांच्या तोंडी आहेत, तेव्हा या बाजूने नुसती चर्चा केली असे म्हणता येणार नाही. माधव जूलियन यांचा प्रवास तर विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. फारसीचे प्राध्यापक, फारसी वृत्ते आणि गझल मराठीत आणणारे कवी, फारसी-मराठी कोशाचे कर्ते. त्यांनीच १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून शुद्धीचा पक्ष मांडला. ज्याला परक्या शब्दांची गोडी आणि खोली दोन्ही माहीत होती, अशा माणसाचा हा निर्णय होता. त्याच्याकडे आदरानेच पाहायला हवे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की शब्द परका की आपला हे त्याच्या जन्मावरून ठरत नाही, त्याने इथे केलेल्या संसारावरून ठरते. पसंतवरून पसंती झाली, नापसंती झाली. ‘पसंतीक्रम’ या शब्दात तर फारसी डोक्याला संस्कृत शेपूट जोडलेले आहे आणि कोणाला त्यात विसंगती जाणवत नाही. शुद्धीच्या बाजूचे यावर विचारू शकतात, की ‘आवड’नेही नावडता, नावडती, आवडनिवड असा मोठा संसार केला आहे, ‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण घराघरात आहे. मग एकाच कामाला दोन शब्द कशाला?

वर दिलेली उदाहरणे पाहता काम एकच आहे हे गृहीतच मला मान्य होत नाही. ‘पसंत’ काढला तर ती जागा ‘आवड’ भरून काढत नाही, ‘मान्य’लाही ते पूर्ण जमत नाही. मान्य करण्यात मनाविरुद्धची कबुलीही असू शकते. पसंतीत थोडा तरी आनंद लागतो. मात्र या उत्तराने शुद्धीवाद्यांचा मोठा प्रश्न, म्हणजे शब्दांची आवक एकतर्फी झाली तर भाषेची घडण्याची शक्ती क्षीण होते का, हा सुटत नाही. आजच्या इंग्रजी शब्दांच्या संदर्भात तर तो अधिकच जिवंत आहे. ‘चॉइस’ आणि ‘लाईक’ हे दोन्ही आता डिलाईल रोडवर सर्रास ऐकू येतात. त्यातला ‘लाईक’ ‘करता’ येतो, म्हणजे ‘आवडणे’ला जे व्याकरण नव्हते ते या शब्दाने आणले.

कचेरीतली पसंती

सरकारी भाषेत अजून एकसूत्रीपणा नाही. विधान परिषदेच्या मतमोजणीत ‘पहिल्या पसंतीची मते’ असतात. अकरावीच्या प्रवेश अर्जात ‘पसंतीक्रम’ आणि ‘प्राधान्यक्रम’ दोन्ही चालतात. कंपन्यांच्या भागांत ‘अग्रहक्क’ येतो. प्राधान्य म्हणजे महत्त्व, अग्रहक्क म्हणजे आधी मिळण्याचा अधिकार, पसंती म्हणजे मनाचा कौल. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे, पण अर्ज भरणाऱ्या पालकाला हे कोणी सांगत नाही. परिभाषा ठरवणाऱ्यांनी इथे बोलीचा आधार घेतला तर काम सोपे होईल. चाळीतल्या कोणत्याही बाईला पसंती आणि हक्क यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

पुढची साधने

लिखित पुराव्याचे काम जुन्या दप्तरांतून आणि संतवाङ्मयातून होईल. बोलीच्या पुराव्याला मात्र वेळ थोडा आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ साली निघाला. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठी बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. अशा सर्वेक्षणांत गाव आणि जिल्हा हा एकक असतो. गिरणगावची बोली कोणत्याच एका जिल्ह्याची नाही. कोकण आणि घाट एका जिन्यावर येऊन घडलेली ती भाषा आहे, आणि तिच्या शेजारी गुजराती दुकानदार, तेलुगू पद्मशाली विणकर, उर्दू बोलणारे मोमीन होते. ‘आवडे’चा गुजराती अर्थ आणि मराठी अर्थ एकाच दुकानाच्या फळीवर समोरासमोर आले, तेव्हा बोलणाऱ्यांनी काय केले, हे या वस्तीतच विचारता येईल.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांचा मौखिक इतिहास २००४ साली इंग्रजीतून प्रसिद्ध केला. इतिहासासाठी तो अनमोल आहे, पण शब्दांच्या अभ्यासकाला मूळ बोल हवे असतात. जयंत पवारांच्या ‘अधांतर’सारख्या नाटकात ही बोली जिवंत सापडते, तरी ती नाटककाराने घडवलेली आहे. म्हणून ध्वनिमुद्रण हवे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात जे तरणे होते ते आता सत्तरीच्या आसपास आहेत, आणि बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात जुने शेजार वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरत आहेत. नव्या घराचा क्रमांक सोडतीने ठरतो. तो वाट्याला ‘आला’ म्हणायचे, ‘लागला’ म्हणायचे की ‘पडला’, आणि पाहून आल्यावर तो ‘आवडला’ म्हणायचे की ‘पसंत आहे’, एवढे दोन प्रश्न जरी पन्नास घरांत नीट विचारून नोंदवले, तरी ‘आवड’च्या मूळ अर्थाबद्दल कोशांपाशी नसलेली सामग्री हाती येईल.